मला न येणारा वास

वय झालं की माणूस निवळतो, असं माझी सून मला अधूनमधून सांगते. मी निवळले नाही. सगळी नोकरी मुलांना रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, गढूळ पाणी एका जागी ठेवलं की गाळ तळाशी बसतो हे दरवर्षी नव्या वर्गाला दाखवलं, पण माझ्या आतला हा एक गाळ काही बसला नाही. खरं सांगायचं तर तो बसावा असं मला वाटतही नाही. निपाणीतल्या आमच्या वखारीच्या खिडक्या, विद्यापीठातले मोठे सर आणि आमची गंगाक्का यांच्याबद्दल लिहायचं तर मला शांतपणे लिहिता येणार नाही. ज्यांना शांतपणे काही वाचायचं असेल त्यांनी ही पानं सोडून द्यावीत, माझी हरकत नाही.

आमचं घर वखारीच्या माडीवर होतं. खाली तंबाखू, वर आम्ही. सुगी झाली की आसपासच्या खेड्यांतून तंबाखू यायची आणि मग पावसाळा तोंडावर येईपर्यंत खालचा आवाज थांबायचा नाही. बाया ती कुटायच्या, चाळायच्या, काड्या निवडायच्या. मग पाणी शिंपडून तिचा मोठा ढीग रचायचा, वर गोणपाट टाकायचं आणि ती आपल्याच उबेत मुरत पडायची. लहानपणी मी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघायची. नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा तो आतून गरम असायचा. मुरलेली तंबाखू गोणपाटाच्या थोराड बोदांत भरून बाहेर पडायची. माडीवर झोपलेल्या मला सकाळी जाग यायची ती चाळण्यांच्या सळसळीनं आणि बायांच्या खोकल्यानं. इतर मुलींना हे सांगितलं की त्या विचारायच्या, कोण आजारी आहे का? मला तो प्रश्नच कळायचा नाही. खोकला हा आमच्याकडे कामाचा आवाज होता, आजाराचा नव्हे.

वर मात्र सगळं स्वच्छ, हळुवार. आमचं घर जैन, आणि आप्पा म्हणजे माझे वडील, त्यातही कडक. सूर्य मावळायच्या आत अंथऊ, म्हणजे दिवसाचं शेवटचं जेवण. जोंधळ्याची भाकरी, मेथीचं वरण, शेंगाची चटणी, ताक. कंदमुळं वर्ज्य, म्हणून बटाटा नाही, कांदा नाही. आडाचं पाणी आई दुहेरी कापडातून गाळायची, आणि मग ते कापड उलटं करून, त्यावर डोळ्यांना न दिसणारे जे काही जीव अडकले असतील ते हळूच परत आडात सोडायची, म्हणजे ते मरायचे नाहीत. आप्पा चालताना मुंगी दिसली तर पाऊल वाकडं टाकायचे. दिव्यावर पाखरं यायला लागली की दिवा मालवायला लावायचे आणि आम्ही अंधारात गप्पा मारत बसायचो. मला हे फार आवडायचं. आपलं घर कुणाला दुखवत नाही, याचा मला अभिमान होता. तो अभिमान आठवला की आज माझी कानशिलं तापतात.

कारण खाली वखारीला खिडक्या होत्या, चांगल्या मोठ्या, आणि त्या सगळ्या गोणपाट ठोकून बंद केलेल्या होत्या. वारं लागलं की तंबाखू सुकते, सुकली की हलकी होते आणि तिची पूड होऊन उडते. म्हणून वारं नको. तंबाखूचा सगळा धंदा असाच चालायचा, आप्पा काही जगावेगळे नव्हते. त्या बंद खोलीत, खिडकीखालच्या जागेवर, गंगाक्का बसायची. ती माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडे चाळणीला होती. आई आजारी असताना मी तिच्याच मांडीवर वाढले. एक हात चाळणीला आणि एक हात मला. नवऱ्यानं टाकलेली, पण त्याबद्दल कधी बोलली नाही. बोलायची ती चेष्टेत. मी दहावीला पहिली आले तेव्हा म्हणाली, "आता ही सायेब हुनार आणि मला खुर्चीवर बसवून तंबाखू चाळाय लावनार." बोलता बोलता तिला धाप लागायची आणि मग ती हातानंच खूण करून वाक्य पुरं करायची. मला वाटायचं, ती तिची लकब आहे.

बी.एस्सी. झाल्यावर मी एम.एस्सी.ला बेळगावला जायचं म्हटलं, तेव्हा घरात पहिल्यांदा आवाज चढले. अण्णा, माझा भाऊ, म्हणाला की मुलीला इतकं शिकवून नवरा कुठून आणायचा. आप्पांनी बरेच दिवस निर्णय लांबवला. मग एका सकाळी बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, दर्शन करून आले आणि म्हणाले, "जा. शिक. पर एक ध्यानात ठेव. तिथनं एक तक्रार माझ्या कानावर आली, तर त्याच म्हैन्यात तुला उजवून टाकतो. मग रडायचं न्हाय." मी आनंदानं मान डोलावली. तक्रार कशाची येणार होती? मी सरळ मुलगी होते, अभ्यास करणारी.

राहायला शहापुरात एका विणकर कुटुंबाच्या घरी खोली मिळाली. खाली माग, वर मी. म्हणजे माझ्या नशिबी कायम कुणाच्या तरी कामाच्या डोक्यावर राहणं होतं. दिवसभर मागांची खटखट. पहिले काही दिवस मला डोकं धरून बसावं लागलं, पण घरमालकीण काकूंना तो आवाज ऐकूच यायचा नाही. त्या माझ्याशी इतक्या मोठ्यानं बोलायच्या की गल्लीच्या तोंडापर्यंत कळायचं, पोरगीनं आज काय खाल्लं. "कसला आवाज गं?" त्या विचारायच्या, खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं. मी हसायची. दुसऱ्याचे कान गेलेले पटकन कळतात, आपलं काय गेलंय ते कळत नाही.

वर्गात माझी जोडी जमली ती बेळगुंदीच्या लताशी. तिचं घर शेतकरी, ती रोज गावाहून बसनं यायची. हंगामात डबा भरून उकडलेली रताळी आणायची आणि मला ती खाता येत नाहीत म्हणून मुद्दाम माझ्यासमोर मिटक्या मारत खायची. "तुमचा देव लई कडक बाई," म्हणायची. "आमचा रताळ्यानंच खूश हुतोय." प्रात्यक्षिकं संध्याकाळपर्यंत लांबायची, आणि सूर्य मावळायच्या आत मला जेवायचं असायचं, तेव्हा लताच माझी परीक्षानळी धरून उभी राहायची आणि मी बाहेर जिन्यावर बसून चार घास गिळून यायची. प्रयोगशाळा मला देवळासारखी वाटायची, हे वाक्य मी तेव्हा खरोखर कुणाला तरी लिहून पाठवलं होतं. आज हसू येतं. पण खरंच, निळ्या ज्योतीवर नळी तापवताना, आत काय दडलंय ते रंगानं, वासानं, गाळानं आपल्याशी बोलताना, मला जे वाटायचं त्याला दुसरा शब्द नव्हता.

त्या देवळाचे पुजारी म्हणजे मोठे सर. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांची मुलं, नातवंडं आहेत, त्यांचा काही दोष नाही. उंच, इस्त्रीचा कोट, बोलणं कानडी, मराठी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणाचं. विषय त्यांच्या बोटांवर होता हे मला मान्य केलंच पाहिजे. पण ते समोरच्याचं आडनाव, गाव आणि बापाचा धंदा विचारूनच ठरवायचे की याला किती शिकवायचं.

तर त्या दिवशी क्षारांचं मिश्रण ओळखायचं होतं. पांढरी पूड देतात, आत काय काय आहे ते तुम्ही शोधायचं. त्यातली एक पहिली, अगदी साधी परीक्षा अशी: पुडीत कॉस्टिक सोडा घालून नळी तापवायची. आत अमोनियम असेल तर अमोनिया वायू सुटतो आणि त्याचा वास नाकात झणकन जातो. वास आला, की मग ओला लाल लिटमस कागद नळीच्या तोंडाशी धरायचा. तो निळा झाला की खात्री. मी नळी तापवली, हुंगली. वास नव्हता. वास नाही म्हणून कागद धरला नाही, पुढच्या परीक्षा केल्या, बाकीचं सगळं बरोबर ओळखलं आणि उत्तर नेऊन दिलं.

सरांनी ते वाचलं आणि मला टेबलापाशी उभं केलं. "अमोनियम कुठाय?" म्हणाले. मी म्हटलं, नाही सर, वास आला नाही. त्यांनी माझ्याच नळीत थोडी पूड टाकली, तापवली, स्वतः हुंगली आणि झटक्यानं मान मागं घेतली. मग ती नळी माझ्या नाकाखाली धरली. "आता?"

मी हुंगलं. गरम वाफ लागली, बाकी काही नाही. "नाही सर," मी म्हटलं.

वर्ग हसला. सरांना वाटलं, मी त्यांची चेष्टा करते आहे. त्यांचा चेहरा बदलला. "सुळ्ळ हेळबेड," ते म्हणाले. खोटं बोलू नकोस. "टेस्ट न करता रिझल्ट लिहायचा, आणि पकडलं तर माझ्या तोंडावर नाही म्हणायचं? वखारवाल्यांच्या घरी हेच शिकवतात काय? तंबाखूत माती मिसळायची आणि वर नाही म्हणायचं?" पुन्हा हसू. "सगळ्या वर्गापुढं कबूल कर, की टेस्ट केलीच नव्हती. माफी माग. तोपर्यंत या लॅबमध्ये पाय ठेवायचा नाही. प्रॅक्टिकलवर माझी सही नसेल तर परीक्षेला कशी बसतेस ते मी बघतो."

मी टेस्ट केली होती. मी खोटं बोलत नव्हते. घरी मुंगीसुद्धा वाचवणाऱ्या माझ्या बापाला त्यांनी माती मिसळणारा म्हटलं होतं. मी म्हणाले, "जे केलं नाही त्याची माफी मागणार नाही, सर," आणि बाहेर आले. तेव्हा मला कळलं नाही, पण मी त्या एका वाक्यात आपलं शिक्षण पणाला लावलं होतं. सरांची तक्रार घरी गेली असती, तर आप्पांनी दिलेला शब्द पाळला असता. आप्पा शब्द पाळायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळा रिकामी असताना लता मला मागच्या दारानं आत घेऊन गेली. माझ्यावर तिचा विश्वास होता, पण तिला खात्री करायची होती, आणि ते मला आवडलं. तिनं एकेक बाटली माझ्या नाकाशी धरली. व्हिनेगरचं आम्ल, लवंगेचं तेल, कुजक्या अंड्याचा वास येणारा तो वायू. सगळं मला नीट येत होतं. मग तिनं अमोनियाच्या बाटलीचं बूच काढलं आणि स्वतः दोन पावलं मागं सरली.

"आलं?"

"काहीतरी हलकं. थंड थंड."

"थंड? आगं बाई, माझं डोळं चुरचुराय लागलं हितं!" तिनं पदरानं डोळे पुसले आणि बूच लावलं. मग माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलू की नको असं तिचं चाललं होतं. शेवटी म्हणाली, "पमा, राग मानू नगंस. तू रविवारी घरला जाऊन आलीस की सोमवारी तुझ्या कपड्यांस्नी ह्योच वास असतोय. मला वाटायचं तंबाखूचाच आसंल. तुला कसं सांगायचं म्हणून गप बसलो आमी."

मी तिथंच स्टुलावर बसले. मुरणाऱ्या तंबाखूतून अमोनिया सुटतो, हे पुस्तकात कुठंतरी बारीक अक्षरात वाचलेलं मला त्या क्षणी आठवलं. परीक्षेच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं नव्हतं म्हणून मी त्यावर खूण केली नव्हती. ज्या वासात मी जन्मले, रांगले, झोपले, तो वास माझ्या नाकानं केव्हाच ऐकायचा सोडून दिला होता. शहापूरच्या काकूंच्या कानांसारखा.

शनिवारी मी लाल लिटमसचे कागद वहीत घालून निपाणीला गेले. माडीवर न जाता सरळ वखारीत शिरले. कागद पाण्यात भिजवले आणि दोऱ्यानं बांधून, ढिगाजवळच्या वाशाला आणि बाया बसायच्या त्या जागेवर लटकवले. बाया चाळण्या थांबवून बघू लागल्या. "दिष्टीचं हाय काय गं त्ये?" एकीनं विचारलं. मी काही बोलायच्या आत गंगाक्काच्या डोक्यावरचा कागद कडेनं निळा व्हायला लागला. मग मधून. मग सगळा. "आगं, निळं झालं की!" गंगाक्का लहान पोरीसारखी हरखली. "काय जादू शिकून आलीस बाय?" बोलता बोलता तिला धाप लागली आणि तिनं हातानं पुढचं सांगितलं, लई झाक, असं काहीतरी. ती लकब नव्हती. मला ते तेव्हा दिसलं, आणि मग दुसरं काही दिसेना.

संध्याकाळी अंथऊच्या वेळी मी तो निळा कागद आप्पांच्या ताटाशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. हा वायू नाकाचं, छातीचं काय करतो ते सांगितलं. खिडक्या उघडा म्हटलं. आप्पा शांतपणे भाकरी मोडत होते. "निळा झाला तर झाला," ते म्हणाले. "मी बी ह्याच वासात वाढलोय. माझे आप्पा बी. मेलो काय?"

"गंगाक्काला श्वास पुरत नाही, आप्पा."

"वय झालंय तिचं."

ती तेव्हा आईच्याच वयाची होती. माझा तोल गेला. मी म्हणाले, "पाण्यातला न दिसणारा जीव तुम्हाला दिसतोय. त्याला परत आडात सोडताय. आणि खाली जित्ती बाई खोकून खोकून बसलीया, ती दिसत न्हाय? कापडातनं पाणी गाळताय, मग त्यांचं वारं कुणी गाळायचं?"

आई ताट हातात धरून उभीच राहिली. अण्णा म्हणाला, "पमे, तोंड आवर." आप्पांनी हात धुतला. त्यांचा आवाज चढला नाही, हे मला आजही सहन होत नाही. "उघड की," ते म्हणाले. "उघड खिडक्या. पर मग बेळगावची गाडी बंद. ज्या वखारीवर शिकायलीस तीच बसवाय निघालीस, मग शिकून काय करनार हैस? काय पायजे ते सांग. खिडक्या, का कॉलेज?"

सकाळी आप्पा बस्तीत गेले तशी मी विळा घेतला आणि खाली उतरले. एकेका खिडकीचं गोणपाट फाडून काढलं. माझ्या जन्मात पहिल्यांदा त्या खोलीत ऊन शिरलं आणि त्या उन्हात आतली हवा दिसली. धुकं असावं तशी तपकिरी पूड हवेत तरंगत होती, हलत होती, आणि बाहेर निघून जात होती. मी घामानं भिजून उभी होते आणि मला वाटत होतं, झालं. कॉलेज गेलं तर गेलं. बाया आल्या, दारात थबकल्या. गंगाक्का आत आली, एकदा खिडक्यांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग कोपऱ्यातनं बोद शिवायचा दाभण आणि सुतळी घेतली, खाली पडलेलं गोणपाट उचललं आणि खिडकीच्या चौकटीला अडकून राहिलेल्या चिंध्यांना शिवायला लागली.

"काय करायलीस गंगाक्का?" मी ओरडले. "तुझ्यासाठी उघडलंय मी!"

"म्हायत हाय मला." ती शिवतच होती. "मालक यायच्या आत झालं पायजे. ए, बघत काय हुबा ऱ्हायलाय? ती पलीकडची धरा." बाकीच्या बायाही हलल्या. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, आणि दम घेत, एकेक शब्द तोडून म्हणाली, "तू शिक्शान सोडून वर चुलीपुढं बसलीस, तर मला काय श्वास जास्त येनार हाय व्हय? जा. गाडी चुकंल तुझी."

आप्पा आले तेव्हा खिडक्या होत्या तशा होत्या. आई खाली आली आणि पाणी गाळायचं नवं कोरं कापड गंगाक्काच्या हातात देऊन म्हणाली, "हे तोंडाला बांधत जा." एवढंच तिला जमलं. मी गाडीत बसले. संकेश्वर मागं गेलं, हत्तरगी मागं गेलं, मी दात आवळून बसले होते. मला हरूसुद्धा कुणी दिलं नव्हतं. जिच्यासाठी मी सगळं सोडायला निघाले होते, तिनंच माझ्या वाट्याची किंमत मोजून मला गाडीत बसवलं होतं, आणि तिला नको म्हणायची मला सोय नव्हती.

सरांकडे गेले ती निळा कागद घेऊन. माफी मागायला नव्हे. जे होतं ते सांगितलं: नाक खोटं बोलत नाही, मेलंय. मला वाटलं होतं ते ओशाळतील. ते खूश झाले! डोळे चमकले त्यांचे. "व्हेरी इंटरेस्टिंग," म्हणाले. "सेमिनारला हाच विषय घे." वर्गापुढं खोटी, चोर म्हटलं होतं, त्याबद्दल एक अक्षर नाही, उद्यापासून लॅबमध्ये ये, बस. सेमिनारला बाहेरचे प्राध्यापक आले. सरांनी प्रस्तावना केली, की आमच्या विभागात असं एक निरीक्षण आमच्या नजरेस आलं. आमच्या! नंतर सगळ्यांनी मला नाकाबद्दल प्रश्न विचारले. नाक किती दिवसांत बधिर होतं, परत येतं का, इतर वासांचं काय. खोलीत बसलेल्या बायांबद्दल एकानंही विचारलं नाही. मीच शेवटी म्हणाले, "त्या बाया अजून तिथेच बसल्या आहेत, सर. खिडक्या बंद आहेत." मोठे सर हसून म्हणाले, "विषयाला धरून बोला." टाळ्या वाजल्या. चहाबरोबर बेळगावचा गोड कुंदा होता, आणि मी तो खाल्ला नाही.

आता त्या वखारीचं मंगल कार्यालय झालंय. मागं नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. एसी लावलाय, त्यामुळे खिडक्या अजूनही बंदच. मी भटजींच्या मागच्या एका खिडकीशी जाऊन उभी राहिले, तर अण्णाचा मुलगा म्हणाला, "आत्या, बसा की, काय बघताय?" काय सांगायचं त्याला? गंगाक्का तर कधीच गेली, छातीनंच गेली. कागदोपत्री कुठं तसं लिहिलेलं नाही.

त्या सेमिनारनंतर मी घरी कमी जायला लागले. सुट्टीतसुद्धा काहीतरी निमित्त काढून शहापुरातच राहायची. नाकावर भरवसा नाही म्हणून प्रत्येक मिश्रणाला आधी लिटमस धरायची. शेवटची परीक्षा झाली आणि सामान घेऊन मी निपाणीला आले. वखारीचा हंगाम अजून चालू होता. सवयीनं आधी वखारीच्या दारात गेले आणि पाऊल आत टाकलं.

कुणीतरी तोंडावर फाडकन मारावं तसं झालं. नाकातून घशात, घशातून डोक्यात काहीतरी चिरत गेलं. डोळ्यांना धार लागली. मी चौकट धरून उभी राहिले. हा वायू मी कागदावर शेकडो वेळा लिहिला होता, त्याच्यावर सेमिनार दिला होता, आणि तो काय आहे ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आत बाया चाळत बसल्या होत्या, नेहमीसारख्या. गंगाक्का खिडकीखालीच होती, पार वाळलेली. आईनं दिलेल्या कापडात तिची भाकरी बांधून शेजारी ठेवलेली होती.

"आलीस व्हय? ये की आत. हुबा का?"

"गंगाक्का," मी म्हणाले, "वास येतोय."

तिनं चाळणी खाली ठेवली. मग हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली. "ऐकलासा काय गं?" तिनं बायांना हाक दिली. "हिला वास याय लागला!" आणि मग माझ्याकडं वळून, घरी आलेल्या परक्या माणसाशी बोलतात त्या अदबीनं म्हणाली, "बाहीर पायरीवर बस, बाय. पाव्हण्यांस्नी सोसत न्हाय ह्ये. पानी आनाय लावतो तुला."

मी बाहेर बसले नाही. आत गेले, तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तिची चाळणी माझ्याकडं ओढून घेतली. काही दिसत नव्हतं, डोळे नुसते वाहत होते.

"रडू नगंस," ती म्हणाली.

"रडत न्हाय मी. राग आलाय."

"येऊ दे की. पर तेवढं दार लाव. उघडं टाकून आलीस, वारं लागतंय मालाला."

मी उठले नाही. थोडा वेळ तिनं वाट पाहिली, मग गुडघ्यावर हात टेकत स्वतःच उठली आणि जाऊन दार लावलं.